धरून ठेवलेली पॅकेजेस

संगणक दुरुस्त करणाऱ्याला गल्लीत सगळे 'काळी खिडकी' म्हणत. कुणाचंही यंत्र हातात आलं की तो आधी एक काळी खिडकी उघडायचा. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती अक्षरं. माणसं मात्र त्याने बरोबर ओळखली होती. 'मी कशालाच हात लावला नाही' असं जो दारातच सांगतो, त्याने सगळ्याला हात लावलेला असतो. त्यामुळे टंकलेखनाची कामं घेणाऱ्या बाई दार उघडताच म्हणाल्या की मी बऱ्याच ठिकाणी हात लावलाय, तेव्हा त्याला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

बाईंचं दुखणं साधं होतं. प्रकाशकाने पुस्तकाची फाईल पाठवली होती. यंत्रावरच्या जुन्या ऑफिसमध्ये, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, ती उघडली की अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर चढत, आणि नवं ऑफिस काही केल्या बसेना. संध्याकाळपर्यंत दुरुस्त्या करून धाडल्या नाहीत तर काम दुसरीकडे जाणार होतं. घर त्या टंकनावरच चालत होतं.

यंत्रावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती, ती त्यांच्या नवऱ्याने घातलेली. ते शाळामास्तर; वर्षापूर्वी वारले. संगणकाच्या सूचना मराठीत करायचा त्यांना नाद होता, तोही फुकटचा. पलंगावर पाय दुमडून बसलेल्या नणंदेने लगेच पुस्ती जोडली, की दादाला फुकटचं फार आवडायचं, घ्यायलाही आणि द्यायलाही.

काळ्या खिडकीने काळी खिडकी उघडली. पहिली चूक किरकोळ निघाली. 'कुलूप दुसऱ्याच्या हाती आहे,' असं यंत्र म्हणालं. नणंदेने पाय खाली सोडले. त्याने समजावलं, यात घाबरण्यासारखं काही नाही; मागे आपोआप एक अपडेट चाललंय, आणि यंत्र एका वेळी एकालाच आत घेतं. ते संपू दिलं. मग दुसरी चूक आली: 'तुटलेली पॅकेजेस धरून ठेवली आहेत.'

म्हणजे कुणीतरी यंत्राला बजावून ठेवलं होतं, की जुन्या ऑफिसची पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, आहेत तसेच धरून ठेव, नवे आले तरी सोडू नकोस. कुणी ते विचारायची गरज नव्हती. जुन्या ऑफिसात सगळे शब्द मास्तरांनी बायकोसाठी बदललेले होते. इतरांकडे 'जतन करा' असतं तिथे इथे 'जपून ठेव' होतं. 'रद्द करा'च्या जागी 'राहू दे'.

"धरलेलं सोडायचा नाहीच तो," नणंद म्हणाली. "दुसऱ्याची छत्रीसुद्धा."

त्याने सोडायची आज्ञा दिली. यंत्राने विचारलं: 'सोडायचे? हो / नाही.' यंत्र पहिलं अक्षर तेवढं बघतं. 'ह' आला की हो, दुसरं काहीही आलं की रद्द. त्याने 'ह' दाबला.

'नक्की?'

हा दुसरा प्रश्न त्याने कुठल्याच यंत्रावर पाहिला नव्हता. पण मास्तरांनी घातला असेल, मास्तर लोकांना दोनदा विचारायची खोड असतेच, असं म्हणून त्याने पुन्हा 'ह' दाबला.

'तिला विचारलंस का?'

त्याचा हात कीबोर्डवरून आपोआप मागे आला. बाईंनीही ते वाचलं. त्याने दुसऱ्या खिडकीत ते वाक्य शोधायला घेतलं. आधी मास्तरांनी मराठी केलेल्या शब्दांच्या भाषासंचात, मग सगळ्या डिस्कवर. यंत्र कुरकुरत राहिलं. वाक्य कुठेच नव्हतं. पडद्यावर मात्र ते होतं, आणि शेजारी पट्टी लुकलुकत होती.

अडलं की करायची एक युक्ती त्याच्याकडे होती. त्याने यंत्राची भाषा इंग्रजी केली आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. इंग्रजीत एकच कोरडा प्रश्न आला, सोडायचं का, हो की नाही. दुसरा-तिसरा प्रश्न मास्तरांच्या मराठीतलाच, इथे तो येणार नव्हता. त्याला हायसं वाटलं. एक कळ दाबली की काम फत्ते.

"नको," बाई म्हणाल्या. "त्या बाजूने गेलात तर त्यांना कळायचंच नाही."

त्याने मराठी परत आणली. आज्ञा न देताच तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. बाईंनी त्याला सरकायला सांगितलं, खुर्ची ओढली आणि नेहमीच्या वेगाने टंकलं:

'अहो, सोडा आता.'

तो सांगणार होता की हे चालणार नाही, पहिलं अक्षर 'अ' आहे, यंत्र सगळं रद्द करील. तेवढ्यात ओळी सरकायला लागल्या.

'जुनी लेखनसाधने गेली.'

'जुने शब्दलेखन-तपासनीस गेले.'

'जुना भाषासंच'

इथे ओळ थांबली. डिस्कची कुरकुरही थांबली. नणंद पलंगावरून उठून बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. बाईंनी पडद्याच्या कडेवर बोटं टेकवली, तापलेलं कपाळ बघावं तशी.

"मी करीन सगळं," त्या हळूच म्हणाल्या. "जमतंय मला."

ओळ पुरी झाली.

'जुना भाषासंच गेलो.'

एका मात्रेची चूक. काळ्या खिडकीने ती पाहिली, आणि टंकनदोष असेल असं मनाशी म्हणायचाही त्याला धीर झाला नाही. बाईंच्या नजरेतून तर अनुस्वारसुद्धा निसटत नसे.

"दादा चुकला गं," नणंद म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"नाही चुकले," बाई म्हणाल्या.

नवं ऑफिस बसलं. चकचकीत चौकट उघडली, आणि वर परक्या माणसाच्या अदबीने लिहून आलं: 'आपले स्वागत आहे.' बाई ते क्षणभर वाचत राहिल्या. मग त्यांनी ती चौकट बंद केली, प्रकाशकाची फाईल उघडली, अक्षरं आपापल्या जागी उभी आहेत ना ते पाहिलं, आणि पहिल्या पानापासून कामाला लागल्या.