गॅलरी रिकामी करा

विधानसभेत आमदार आपला प्रश्न वाचून दाखवत नाही. प्रश्न छापून आधीच सगळ्यांच्या हाती आलेला असतो. अध्यक्षांनी पुकारलं की उठायचं आणि नुसता क्रमांक सांगायचा. अंजनाबाई गजभियेंना हे ठाऊक नव्हतं. आपल्या बेपत्ता ट्रकड्रायव्हर मुलाचं, सुशीलचं नाव आज एवढ्या मोठ्या सभागृहात घेतलं जाणार, म्हणून त्या ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून प्रेक्षकांच्या गॅलरीत पुढे वाकून बसल्या होत्या.

त्यांच्या भागाचा आमदार यशदीप रामटेके उठला. "अध्यक्ष महोदय, प्रश्न क्रमांक सात."

बस, एवढंच. गृहमंत्री उभे राहिले. विषय सुरक्षेचा आहे, जंगलात मोहीम चालू आहे, उत्तर गुप्त बैठकीतच देता येईल, असं म्हणाले. अध्यक्षांनी मान डोलावली. "गॅलरी रिकामी करा." आधी पत्रकार उठले, मग सहलीला आलेली शाळेची मुलं, शेवटी अंजनाबाई. जाताना त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. यशदीपने हाताने खूण केली, थांबा, बाहेरच थांबा.

तो खुशीत होता. वर्षभर तो हेच मागत होता: बंदूक सरकारच्या हाती असू द्या, पण ती कुठे आणि कशी चालते, हे लोकांनी निवडून दिलेल्या माणसांना कळलं पाहिजे. आज दारं लावून का होईना, कळणार होतं.

आणि कळलं. सुशील उरल्याच्या कारखान्यातून सळया घेऊन बस्तरकडे निघाला होता. पोलिस आणि नक्षलवादी, दोन्हीकडून गोळीबार चालू असताना त्याचा ट्रक मधे सापडला. सुशील जागीच गेला. पोलिसांना तिथली खबर देणारी माणसं अजून जंगलातच होती. ट्रकची ओळख पटली हे बाहेर फुटलं, तर ती हुडकून मारली गेली असती. मोहीम संपेस्तोवर अवाक्षर नाही.

"त्याच्या आईला तरी सांगू द्या," यशदीप म्हणाला.

"आईला सांगाल, मग संध्याकाळी तिच्या अख्ख्या बीरगांवला कळेल," मंत्री शांतपणे म्हणाले. "सांगत नव्हतो तेव्हा म्हणायचात, लपवता. आता सांगितलं, तर सांभाळा."

गुप्त बैठकीतलं बाहेर नेणं हा सभागृहाचा हक्कभंग आहे, हे अध्यक्षांनी पुन्हा सर्वांना बजावलं.

अंजनाबाई बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. यशदीपने त्यांना आपल्या गाडीत घेतलं.

"काहून रे, माह्या पोट्ट्याचं नाव नाही घेतलं तू?"

"तिथं नंबरच सांगतात, मावशी."

"आईनं नाव ठेवलं, अन् तुम्ही नंबर लावला." त्या हसल्या. "बरं, काय म्हणला मंत्री?"

"चौकशी चालू आहे."

"ते तर ठाण्यातला शिपाईबी सांगते. त्याच्यासाठी आमदार कायले पाहिजे?"

टोमणा नेहमीचाच होता, पण आज त्याला हसू आलं नाही. तो काचेतून बाहेर पाहत राहिला. सळयांचे ट्रक धूळ उडवत जात होते, आणि प्रत्येक ट्रकपाशी अंजनाबाईंची नजर ड्रायव्हरच्या तोंडाकडे जात होती.

गाडी अंजनाबाईंच्या दाराशी थांबली. हे घर त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचं. अंजनाबाईंचे यजमान हिरालाल कारखान्यात भाजून गेले, तेव्हा यशदीप शाळेत होता. मातीहून परतल्यावर निघताना तो सवयीने म्हणाला होता, "येतो, मावशी." तशा दुःखातही त्यांनी त्याला जवळ घेऊन शिकवलं होतं, "मयतीच्या घरून येतो म्हणत नाही, बेटा. मुकाट्यानं उठा लागते." तेव्हाचं ते त्याच्या अंगात मुरलं होतं. एरवी या उंबऱ्यावरून "येतो" न म्हणता तो कधी उतरला नव्हता.

सुशीलची बायको अपर्णा हिने चहा आणला. "भैया, कुछ पता चला?"

"नहीं, अभी नहीं." आवाज सरळ राहिला. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सुशीलचा फोटो होता, तिकडे त्याने पाहिलं नाही. चहा संपवला, सुशीलच्या भावाबहिणींची चौकशी केली, उठला, चपला घातल्या. निभावलं, असं त्याला वाटलं. जंगलातली ती अनोळखी माणसं आज तरी वाचली.

तो फाटकापर्यंत पोचला होता.

"यशदीप."

अंजनाबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. "काही बोलाचं राहिलं का रे तुह्यं?"

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. एक शब्द होता. अजूनही म्हणता आला असता. त्या तोच ऐकायला थांबल्या होत्या. त्याने तोंड उघडलं. त्यांच्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिलं, आणि तो शब्द काही केल्या बाहेर येईना.

अंजनाबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रडल्या नाहीत. मग पाठ फिरवली.

"अपर्णा, गॅस बंद कर."

"माँजी, चावल अभी कच्चा है."

"राहू दे," आतून आवाज आला. "आज या घरात चूल नाही पेटवाची. अन् शेजारी कोणाले काही सांगू नको."