उतरली ती तब्येत नव्हे

मी मुसळ बोलतोय. होय, ज्याला तुम्ही उठसूट केरात घालता, तोच मी. मी माणसांच्या डोळ्यात असतो आणि त्यांना दिसत नाही, असंही म्हणतात. आजवर मी कुणाच्या डोळ्यात गेलेलो नाही. माझी जागा उखळात, आणि माझं माणूस एकच, कडावची गौराबाई.

कोंडाण्याच्या रानातल्या खैराचा मी. सुताराने मला तासून तळाला लोखंडी कडं बसवलं, ते एकावन्न साली. गौराबाई सून म्हणून आली तीही त्याच साली. रोज सकाळी आम्ही भात कांडायचो. मग गावात गिरणी आली आणि मी पडवीच्या कोपऱ्यात उभा राहिलो. लग्नाच्या घाण्याला आंब्याची पानं बांधून हळद कांडायला मला काढायचे, की पुन्हा कोपरा.

दहा वर्षांत गौराबाई अशी सुटली की ओटा चढताना दोनदा थांबायची. गुडघे कुरकुरायला लागले. कर्जतच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. तिने ताटातला भात निम्मा केला, वालाचं बिरडं आणि सुकट मात्र सोडली नाही, आणि मला कोपऱ्यातून ओढलं. पहिल्या दिवशी वीस घावांत ती खाली बसली. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांत तिचे दंड खैरासारखे झाले.

"आता पुरं कर गं," शेजारची भागी म्हणाली. "उतरलं ना वजन?"

"उतरलं ते परत चढाया टपलंच हाय," गौराबाई म्हणाली आणि कांडत राहिली.

घोळ केला तो तिच्या नवऱ्याने. पदू मनाचा भोळा. खालापूरला जाऊन कौतुकाने सांगत सुटला, "आमच्या मंडळीची तब्येत लई उतरली." आमच्याकडे तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. त्याला म्हणायचं होतं, जादा मांस उतरलं. ऐकणाऱ्यांनी ऐकलं, बाई खंगली. आणि त्याच खालापुरात त्यांच्या लेकीची, मैनाची सोयरीक चालली होती.

आठवड्यात मुलाची आई, हिरूबाई, दारात हजर. बाई धिप्पाड, ओटा चढून धापा टाकत बसली. हळू आवाजात पदूला म्हणाली, "घरात क्षय असंल तर आमी पोरगी नाय करणार."

पदूचं तोंड उतरलं. बायकोला आत नेऊन म्हणाला, "चार महिने कांडण सोड. तूप-भात खा, जरा भर. पोरीचं लगीन होऊ दे, मंग काय त्ये कर."

मैना दाराशी डोळे पुसत होती. गौराबाईने तिच्याकडे पाहिलं. लेकीसाठी आई काय सोडत नाही? मी मनातल्या मनात कोपऱ्याची वाट धरली.

तेवढ्यात तिने पदर खोचला. पायलीभर भात आणून उखळाशी ठेवलं आणि हाक मारली, "इहीणबाय, हितं माझ्यासमोर येऊन बसा. मला खोकला आला, तर उठून जा. मी आडवणार नाय."

आणि आम्ही सुरू झालो. घाव, घाव, घाव. हिरूबाईची नजर तिच्या छातीवर होती. गौराबाई कांडता कांडता मैनाला काय येतं आणि काय येत नाही, ते सगळं खरं खरं सांगत होती. पायली संपली. तिच्या कपाळावर घाम होता, बाकी श्वास शांत. मला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

हिरूबाई भिंत धरून उठली. "पोरगी पण कांडल का?"

"तिला वाटंल तर कांडल. मी माझ्यासाठी कांडते."

सोयरीक ठरली. पाठवणीच्या दिवशी हिरूबाईने गौराबाईला बाजूला घेतलं. "भांडी कमी दिलीत तरी चालंल. पण त्ये मुसळ द्या. माझे गुडघे लई दुखत्यात."

"पोरगी दिली," गौराबाई म्हणाली. "मुसळ नाय देणार. खैर लई हाय रानात, तुमचं तुमी घडवा."

त्याला आता तेरा वर्षं झाली. गौराबाईने पन्नाशी ओलांडली, माझं कडं दोनदा बदललं. तिचा मुलगा म्हणतो, गॅस आला, गिरणी आली, हे लाकूड बंबात घालू. घाला की. पण आधी तिला विचारा, आणि विचारायला सकाळीच या. बोलण्यासाठी ती हात थांबवणार नाही, तेव्हा जरा लांब उभे राहा.