दाखवायची खोली

“आई पण येतेय!” बडबडीने दारातूनच जाहीर केले आणि ती धपकन ताईच्या पलंगावर बसली. ताईने नुकतीच त्यावर पिवळी चादर ताणून घातली होती. चादरीला पडलेल्या सुरकुत्यांकडे ताई क्षणभर पाहत राहिली.

“कोणाची आई?”

“नवीची. आमच्या शेजारच्या बाई. विमानात बसल्यासुद्धा! आत्ता माझ्या आईनं सांगितलं, तेही असंच, फोन ठेवता ठेवता.”

“सोडायला येतायत?”

“बघायला येतायत. आवडलं तर मुलीला ठेवणार, नाहीतर दोघी परत. परतीची तिकिटं काढलीयत, ताई. दोघींची!”

ताईही मग पलंगावर बसली. चादर तशीही गेलेलीच होती.

ताई त्या विद्यापीठातली सर्वांत जुनी परदेशी विद्यार्थिनी. साबणाचा फेस का टिकत नाही यावर ती संशोधन करत होती, आणि ते संशोधन मात्र चांगलेच टिकले होते. तिच्याबरोबर आलेले शिकून गेले, नोकरीला लागले, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली. या ज्येष्ठतेचे तिला एकच फळ मिळाले होते, ते म्हणजे वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. एका खिडकीतून झाडे दिसत, दुसरीतून तळे. तळे म्हणजे खरे तर आग लागली तर असावे म्हणून साठवलेले पाणी, पण फोनच्या पडद्यावर ते तळेच दिसे.

नव्याने येणाऱ्यांना तळमजला मिळे. तिथे खिडकी उघडली की हातभर अंतरावर भिंत, आणि भिंतीत स्वयंपाकघराची वाफ बाहेर टाकणारा पंखा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात या खोल्यांना ‘निवांत’ म्हटले होते.

पूर्वी कधीतरी एक मुलगी आल्या दिवशीच तिथे रडत बसली होती. घरी फोन लावायचा होता, पण ‘खोली दाखव’ म्हणाले तर दाखवायचे काय? ताईने तिला वर नेले, आपल्या पलंगावर बसवले आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. तेव्हापासून परदेशी विद्यार्थी स्वागत मंडळाचा तो रिवाजच झाला. नव्या माणसाला विमानतळावरून आणायचे, पोटभर खाऊ घालायचे आणि घरचा पहिला फोन ताईच्या खोलीतून लावून द्यायचा. मंडळात अनेक देशांचे लोक होते आणि त्यांचे कशावरच एकमत नसे. पण आईबापांना काय दाखवावे आणि काय दाखवू नये, याबाबत जगात कुठेच मतभेद नाहीत. नाना भाषांतल्या आयांनी ती पिवळी चादर पाहून सुस्कारा सोडला होता. एका वडिलांनी टेबल उजेडाकडे वळवायला सांगितले. ताईने ते वळवले. पुढच्या सगळ्या वडिलांना ते वळवलेलेच दिसले आणि प्रत्येकाला आपले पोर जबाबदार झाल्यासारखे वाटले.

बहुतेकांना एका फोनापुरती ही खोली लागे. बडबडी मात्र इथे आल्यापासून दर रविवारी वर येऊन, ‘माझी खोली’ म्हणून तिथूनच घरी बोलत असे. तिच्या आईने ती खोली साऱ्या बिल्डिंगला दाखवली होती. शेजारच्या बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या ती खोली पाहूनच मुलीला परदेशी पाठवायला तयार झाल्या होत्या.

“त्या आल्या आल्या माझी खोली बघायला मागणार,” बडबडी म्हणाली. “आईनं माझ्यासाठी पिशवी दिलीय त्यांच्याकडे.”

“मग तुझी दाखव.”

“माझी? तिथं पंखा सुरू झाला की मी बोललेलं ऐकू येत नाही!”

“लोक त्याला सोय म्हणतील.”

“मस्करी नको ना, ताई. त्या पोरीनं रात्रीचा दिवस करून इथली जागा मिळवलीय. आता परत गेली तर पुन्हा काही तिला घराबाहेर पाठवायचे नाहीत.”

हे खरे होते. ताईने उठून कपाट उघडले आणि आपले कपडे काढायला सुरुवात केली.

दुपारपर्यंत ताई बडबडीच्या खोलीत गेली आणि बडबडी वर आली. सामान वाहायला लांब्या होता. लांब्या तिसऱ्याच देशाचा, दाराच्या चौकटीत वाकून शिरणारा. त्याला मराठीतले ‘छान’ आणि ‘हो ना’ एवढेच येत असे. पण ते तो इतक्या योग्य जागी वापरी की त्याला भाषा येते, अशी सर्वांची समजूत होती. नवीच्या खोलीबद्दल असे ठरले की खोल्यांचे वाटप अजून व्हायचे आहे म्हणून सांगायचे.

विमानतळावर नवी मुलगी सामानाच्या गाडीमागे जवळजवळ लपूनच बाहेर आली. बाई पुढे. त्यांनी स्वागत मंडळाकडे प्रार्थनेला उशिरा आलेल्या वर्गाकडे पाहावे तसे पाहिले.

“बुटाची नाडी सुटलीय तुझी,” त्या लांब्याला म्हणाल्या.

“हो ना,” लांब्या म्हणाला आणि खरोखरच खाली वाकून नाडी बांधू लागला. काही आवाजांना भाषांतर लागत नाही.

बसमध्ये बडबडी बोलत होती. हवा, बाजार, प्राध्यापक, खोल्यांचे अजून व्हायचे असलेले वाटप, पुन्हा हवा. बाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. नवी मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ताईने तिला विचारले, “दमलीस का गं?” तिने मान हलवली. ते हो होते की नाही, हे समजायला मार्ग नव्हता.

वसतिगृहात पाय ठेवताच बाई बडबडीला म्हणाल्या, “चल, आधी तुझी खोली. तुझ्या आईला कबूल केलंय मी.”

सगळी वरात वर गेली. बाईंनी दारात उभे राहून खोली पाहिली. झाडे होती, तळे होते, चादर होती.

“अगदी फोनवर दिसते तश्शी,” त्या म्हणाल्या आणि त्यांचे खांदे थोडे सैल झाले. “ही घे तुझी पिशवी. कपाटात ठेव लगेच, वस्तू जागच्या जागी जाऊ दे.”

बडबडीने ऐटीत कपाटाची मूठ ओढली. कपाट उघडले नाही. तिने पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. “आज काय झालंय याला,” असे म्हणत ती हसली, पण हसण्यात जीव नव्हता.

आणि तेवढ्यात ताई पुढे झाली. आपण पुढे होतो आहोत हे तिला स्वतःलाही कळले नसावे. तिने मूठ जराशी वर उचलली, दाराला खालच्या अंगाला गुडघ्याने एक धक्का दिला, आणि कपाट निमूटपणे उघडले. वर्षानुवर्षे ती रोज सकाळी हेच करत आली होती. गुडघ्याला कोणी कटात घेतलेच नव्हते.

कपाटाच्या फळीवर एक कंगवा राहून गेला होता. त्यात लांब केस अडकलेले होते. काही काळे, काही पांढरे. बाईंनी कंगव्याकडे पाहिले. मग बडबडीच्या मुलासारख्या कापलेल्या, जांभळी झाक दिलेल्या केसांकडे पाहिले. ताईच्या वेणीकडे त्यांनी पाहिले नाही. त्याची गरज उरली नव्हती.

“छान,” लांब्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची जागा चुकली.

“हं,” बाई म्हणाल्या. “आता हिची खोली दाखवा. आणि वाटप व्हायचंय वगैरे सांगू नका. खाली फळ्यावर नाव लिहिलंय तिचं.”

तळमजल्यावरच्या खोलीत सगळे मावेनात, म्हणून लांब्या बाहेरच राहिला. बाईंनी खिडकी उघडली. समोर भिंत होती. तिच्याकडे पाहायचे म्हटले तरी फार वेळ पाहता येईना. पंखा घरघरत होता. बाईंनी खिडकी लावली आणि त्या उघड्या गादीवर बसल्या. बडबडीने तोंड उघडले.

“तू जरा गप्प बस,” बाई म्हणाल्या आणि ताईकडे वळल्या. “वरची खोली तुझी ना?”

“हो.”

“आणि फोनवर सगळे तीच दाखवतात.”

“हो, काकू.” ताईने एकदा श्वास घेतला. “पहिल्या दिवशी माणूस घाबरलेलं असतं. त्यात घरच्यांनी ही भिंत बघितली की तेही घाबरतात. मग दोन्हीकडचे एकमेकांना रडवतात. पुढं सवय होते सगळ्यांना, कोणी खोली विचारतही नाही. पहिला दिवस तेवढा ढकलायचा असतो. चूक झाली असेल तर माझी आहे. हिला परत नेऊ नका.”

बाईंनी मुलीकडे पाहिले. “तुला माहीत होतं?”

“हो,” नवी म्हणाली. विमानतळापासून तिच्या तोंडून निघालेला हा पहिलाच शब्द होता. तिने बडबडीकडे बोट दाखवले. “हिनं मला आधीच सांगितलं होतं. भिंतीचं, पंख्याचं, सगळं.”

“तरी यायचं होतं?”

“आई, तू मघापासून खिडकीच बघतेयस. दार बघ ना.”

“दाराचं काय?”

“आतून कडी आहे.” नवीचा आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. “घरी मी हॉलमध्ये झोपते. बाबांचा टीव्ही बंद झाला की माझी गादी पडते. पाहुणे आले की ती उचलायची. अभ्यास करत असले तरी जाता येता सगळे वाकून बघतात, काय वाचतेयस. मी तक्रार करत नाहीये गं. जागाच तेवढी आहे आपली. पण मला कधी कडी नव्हती.”

पंखा मध्येच थांबला आणि खोलीत फारच शांतता झाली. माहितीपत्रक अगदीच खोटे नव्हते.

बाई उठल्या. दाराशी गेल्या. त्यांनी कडी लावली, काढली, पुन्हा लावली आणि दार ओढून पाहिले. बाहेर लांब्याने, आपल्याला बोलावले असे समजून, अदबीने टकटक केली.

“बसते नीट,” बाई म्हणाल्या. त्यांची पाठ सगळ्यांकडे होती आणि ती वळायला थोडा वेळ लागला. वळल्या तेव्हा त्या पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या होत्या. “आमच्या शाळेत तपासणी असली की आम्ही पलीकडच्या शाळेतून पृथ्वीचा गोल मागून आणतो. त्यांची तपासणी असली की तोच गोल तिकडे जातो, आमची शिडी घेऊन. साहेबांना दोन्हीकडे एकच पृथ्वी दिसते. अजून कोणी तक्रार केलेली नाही.” त्यांनी मान हलवली. “माझ्या मुलीसाठी एवढी धावपळ करून खोटं बोलणारी माणसं जिथं आहेत, तिथं ती उपाशी तरी राहायची नाही. राहू दे तिला.”

बडबडी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडत खाली बसली, आणि बसल्यावर हसू लागली. नवीही हसली. ती हसते तेव्हा तिचे नाक वर जाते, हे तिथे सर्वांना पहिल्यांदाच दिसले. ताईला एकदम आपले पाय दुखत असल्याचे कळले.

“पण बाबांना काय सांगायचं?” नवीने विचारले.

“तुझ्या बाबांना दार दाखवून काय कळायचंय? त्यांना खिडकीच लागते,” बाई म्हणाल्या. “चला वर.”

वर गेल्यावर बाईंनी सूत्रे हाती घेतली. इतक्या वर्षांत ताईच्या कधी लक्षात न आलेल्या गोष्टी त्यांना तिथल्या तिथे दिसल्या. टेबलावर पुस्तक उघडे हवे, पण पहिल्याच पानावर नको. पाण्याची बाटली दिसायला हवी, म्हणजे मुलगी पाणी पिते असे वाटते. दारात लांब्या उभा नको. मग त्यांनी स्वतः फोन धरला, खोलीभर फिरवला आणि नवऱ्याला ठणकावून सांगितले, “हो, हीच. अहो, मी इथं उभी आहे ना? मी बघितल्यावर तुम्हाला काय बघायचंय आणखी?” तळे मात्र त्यांनी दोनदा दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई त्यांना बसथांब्यावर पोचवायला आली. नवी झोपलेली होती. “उठवू का?” असे ताईने विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, “नको. रात्री झालंय आमचं बोलून. झोपू दे.” बसायला बाक होता, तरी दोघी उभ्याच राहिल्या.

“तुझ्या आईला दाखवलीस की नाही तुझी खोली?” बाईंनी विचारले.

“दाखवली ना. पण ही वरची नव्हे. आई होती तेव्हा मी तळमजल्यावर होते. वरची नंतर मिळाली.”

“मग काय सांगितलंस?”

“खिडकी बिघडलीय, उघडत नाही म्हणाले.”

“तिनं मानलं?”

“हो. लगेच. पुन्हा कधी विचारलंच नाही.”

बाईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. “मानलं नसणार गं,” त्या म्हणाल्या.

ताई रस्त्याकडे पाहू लागली. रस्त्याच्या टोकाला बस दिसली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात थोडा जडच होता, वर्गात शाबासकी देणारा. मग त्या बॅग उचलून चढल्या आणि आत जाऊन पलीकडच्या बाजूला बसल्या. तिकडून वसतिगृह दिसत नाही.

ताईला ते कळले नाही. ती अलीकडच्या खिडक्यांकडे पाहून हात हलवत राहिली. तिथे एक अनोळखी वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी आधी मागे वळून पाहिले. मग आपल्याशिवाय तिथे कोणी नाही अशी खात्री झाल्यावर डोक्यावरची टोपी किंचित उचलली, आणि बस वळेपर्यंत तेही हात हलवत राहिले.