कपाटातली बरणी

मी बरणी बोलतेय. टेबलावर तो चषक दिसतोय ना, त्याच्या शेजारची, वाळलेल्या पेनांनी भरलेली. चषक रोज पुसला जातो, माझ्यावर मात्र बोटभर धूळ. आणि तो मिळाला कोणाच्या जिवावर? माझ्याच!

जन्म म्हणाल तर काचेच्या कारखान्यातला. पोटात जॅम घेऊन मी या घरात आले. जॅम संपल्यावर भंगारातच जायची, पण थोरलीने वाचवलं. तेव्हा ती चौथीत होती. तिने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला घासून लख्ख केलं, दोघींत ओला कापूस घातला आणि घेवड्याच्या बिया ठेवल्या. बहिणीला 'उजेड' अशी चिठ्ठी लावून खिडकीत बसवलं. मला 'अंधार' लावून कपाटात, स्वेटरांच्या मागे.

शाळेच्या प्रदर्शनासाठी घरी करायचा प्रयोग होता. पण पोरीला प्रदर्शनाचं कुठे पडलं होतं? आल्या आल्या दप्तर फेकायची, कपाट किलकिलं करायची, पाणी शिंपडायची, दोऱ्याने उंची मोजायची आणि झटकन दार लावायची. इतक्या मायेने माझ्यात कोणीच कधी डोकावलं नव्हतं.

आणि झालं काय, तर खिडकीतलं रोप हिरवंगार पण ठेंगणं राहिलं. माझं पिवळट, काडीसारखं, पण त्याच्या दुप्पट उंच! बिचारं उजेड शोधत जिवाच्या आकांताने वर चढलं होतं.

"आई, अंधारातलं जास्त वाढलं!" पोरगी घरभर नाचली.

तिचे बाबा विज्ञानाच्या शिकवण्या घेतात. त्यांच्याकडे निष्कर्ष आधी लिहून घ्यायचा आणि प्रयोग मागाहून, तोही वेळ उरला तर. त्यांनी मला उचललं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस तू."

"नाही हो बाबा, मी रोज बघत होते."

"उजेडाशिवाय झाड वाढतं होय? शेंबडं पोरही सांगेल. माझ्याच मुलीने हे असलं मांडलं, तर माझ्या शिकवणीला कोण येईल?"

"अहो, तिने डोळ्यांनी बघितलंय ना," आई म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

त्यांनी चिठ्ठ्या बदलून पाहिल्या, तर उजेडातलं रोप पिवळं ठरायला लागलं. तेही जमेना. मग त्यांनी सरळ कात्री घेतली आणि माझं रोप बोटभर ठेवून छाटलं. पोरगी रडली नाही. नुसती बघत राहिली. मला मात्र त्या माणसाचा जो संताप आला, तो आजही गेलेला नाही.

प्रदर्शनात तिने पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. परीक्षक बाई माझ्यावर वाकल्या. "बाळ, याचा शेंडा कुठे गेला?"

पोरीने मागे उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आलाच नव्हता."

पहिला नंबर! बाबांनी तिला खांद्यावर घेतलं. बहीण घरी येताना फुटली. सुटली म्हणायची. मी पेनांखाली गाडली गेले.

काल थोरलीची धाकटी बहीण तिच्या टेबलाशी आली. तीही आता चौथीत आहे. हातात बिया होत्या, नजर माझ्यावर. "ताई, ही बरणी रिकामी करून दे ना. कपाटात ठेवू आणि रोज बघू."

ताईने वहीतून डोकं वर काढलं नाही. कुठल्याशा प्रयोगाचा निष्कर्ष लिहीत होती. प्रयोगाचं सामान टेबलाखाली तसंच बांधलेलं होतं.

"बघायचं काय त्यात? वाढ खुंटते. लिहून टाक."

"तू बघितलंयस?"

ताईचं पेन थांबलं. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. बोल गं, एकदा तरी बोल! कपाटातलं ते रोप रोज उंच होताना तू आणि मीच पाहिलंय. माझं बोलणं तर कोणाला ऐकू जात नाही.

"हो," ती म्हणाली, आणि पुढे लिहू लागली.

धाकटीने बिया टेबलावर ठेवल्या आणि निघून गेली. त्या अजून तिथेच पडल्या आहेत, माझ्यापासून हातभर अंतरावर.