दुहेरी दोऱ्याचा कागद

मित्रांनो, मी एक जुना जुन्नरी कागद आहे. मी धड कोराही नाही आणि धड लिहिलेलाही नाही. माझा वरचा अर्धा भाग मोकळा आहे, आणि खालच्या अर्ध्यावर पेन्सिलीनं काढलेला एक नकाशा आहे. त्या नकाशात सात चौकोन आहेत. सहांमध्ये बरोबरची खूण आहे, सातवा रिकामा आहे. तो रिकामा का राहिला, एवढीच माझी कहाणी.

माझा जन्म कुकडीच्या काठचा. जन्मण्याआधी मी पुष्कळ काही होतो. कुणाची फाटकी चोळी होतो, कुणाच्या मोटेचा झिजलेला दोर होतो, कुणाचं गोणपाट होतो. बाया ते सगळं नदीवर धुवायच्या आणि धुता धुता गायच्या:

जुन्या ग चोळीची, चिंधी धुते कुकडीला
कागद होऊनिया, जाईल दूर नगरीला

मग मी चुन्यात भिजलो, पायाखाली कुटला गेलो, हौदाच्या पाण्यात विरून गेलो. गवताच्या काड्यांची बारीक चटई पाण्यात बुडवून एका माणसानं मला अलगद वर उचललं. उगवतीच्या भिंतीला चिकटवून उन्हात वाळवलं. खळ लावली, गुळगुळीत दगडानं घोट घोट घोटलं. बघणारे म्हणायचे, "कागद न्हाई, आरसा हाय राव!"

त्या माणसाचा सात वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून बघत असे. त्याचं नाव कासम.

कागद करणाऱ्यांची एक रीत होती. कागदावर नाव घालायचं ते लिहिणाऱ्यानं, करणाऱ्यानं नाही. पण आपलं लेकरू आपल्याला ओळखू यायला नको का? म्हणून कासमच्या घराण्यात चटई विणताना तिसरा दोरा दुहेरी घालत. चटया झिजल्या, नव्या आल्या, पिढ्या सरल्या, पण तिसरा दोरा दुहेरीच. त्या दोऱ्याची जोडरेघ कागदाच्या अंगात उमटते. एरवी दिसत नाही. सकाळच्या तिरक्या उन्हात धरलं की दिसते. बाया त्याचंही गाणं गात:

लिहिणाऱ्याचं नाव, गाजं दरबाराच्या दारी
करणाऱ्याची खूण, उन्हामंदी दिसं न्यारी

माझी भावंडं कुणाच्या पोथीत गेली, कुणाच्या कुराणात, कुणाच्या सनदेत. मी शेवटच्या घाण्यातला. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हौद कोरडा पडला. मला हिरव्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. तिथं मी साठ वर्षं पडून होतो. कासम मोठा झाला, वह्या बांधायचं काम करू लागला. दुसऱ्यांचा कागद शिवता शिवता म्हातारा झाला.

१९९८ साल असेल. कासमच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडेकडेनं विझत जाईल, गेलेली परत येणार नाही. तेव्हाच त्याला नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं.

त्याच आठवड्यात गोरख आला. गोरख म्हणजे शेजारचा, एस.टी.तला कंडक्टर. कुणी प्रवासी सीटवर एक रंगीत माहितीपत्रक विसरून गेला होता. शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयाचं. त्यात एका चित्राखाली छापलं होतं, 'पोपट घेतलेली स्त्री. चित्रकार अज्ञात. जुन्नरी कागद, अठरावे शतक.'

"कासमचाचा, तुमच्या घरचा कागद म्युझियमात जाऊन बसलाय बघा!" गोरख म्हणाला.

"आमच्याच घरचा कशावरनं?" कासम म्हणाला. "जुन्नरात कागदवाल्यांची घरं काय थोडी व्हती?" पण त्या रात्रीपासून त्याच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. चित्राभोवती कागदाचा कोरा काठ होता. त्या काठात जोडरेघ आहे की नाही, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. डोळे विझायच्या आधी.

त्याची धाकटी बहीण जहाँआरा विधवा होऊन त्याच्याकडेच राहत होती. साठी उलटली तरी तो तिला 'छोटी'च म्हणायचा.

"भाईजान, तीन मजले हायेत आन् चाळीस दालनं," ती माहितीपत्रक वाचून म्हणाली. "तुमचे गुडघे तर मशिदीच्या पायरीला रडतात."

"बाजारात गेल्यावर सगळी दुकानं फिरतो का आपण? भाजी घ्यायची तर भाजीच्याच दुकानी जायचं. आपल्याला एक चित्र बघायचंय."

"मग वाट आखायला पायजे. तिथं कुणी बोट धरून न्यायचं न्हाई."

आणि वाट आखायला त्यांनी पेटीतून मला काढलं.

"अवो, हा शेवटचा! ह्याच्यावर पेन्सिल?" जहाँआरा दचकली.

"कागद कोराच मेला तर त्याचा जन्म फुकट," कासम म्हणाला. "खालच्या अर्ध्यावर काढ. वर जोडरेघ हाय, तिथं हात लावू नको. तिथं गेल्यावर ह्याची रेघ आन् त्याची रेघ शेजारी धरून बघू."

साठ वर्षांनी माझ्यावर काहीतरी उमटत होतं, मित्रांनो. किती सुखावलो म्हणून सांगू!

गोरखची गाडी शहरात दोन तास थांबायची. त्या वेळात तो संग्रहालयात जाऊन यायचा आणि येऊन सांगायचा. दाराशी पिशव्या ठेवून घेतात. तिकिटाच्या खिडकीपासून जिना चाळीस पावलं. जिन्याआधी बाक आहे. जिना बावीस पायऱ्यांचा, अकराव्या पायरीवर मोकळी जागा आहे, तिथं दम खायचा. सोमवारी बंद असतं. वरच्या मजल्यावर पहारेकरी एकच, दुपारी एकला जेवायला जातो, म्हणून पाणी मागायचं तर त्याआधी.

"आन् आपली तसबीर हाय त्या सात नंबरच्या दालनाला खिडक्या?" कासमनं विचारलं. त्याला तेच महत्त्वाचं होतं.

"पाच. मोठ्या मोठ्या. मी बागेत उभा राहून मोजल्या."

"तोंड कुठं?"

"उगवतीला."

कासमचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्या भिंतीवानीच की! साडेदहाच्या आत पोचलं तर तिरकं ऊन घावतं."

जहाँआरानं सगळं लिहून घेतलं. पाच खिडक्यांपुढं बाण काढले, पहारेकऱ्याची जागा दाखवली, जेवणाची वेळ लिहिली. एस.टी., दार, तिकीट, बाक, जिना, सज्जा असे सहा चौकोन झाले. सातव्यात तिनं लिहिलं, 'दिसलं'.

खिडकी म्हटलं की ऊन येणारच, असं त्या तिघांना वाटलं. गोरख सज्ज्यापर्यंतच गेला होता; दालनाच्या आत जाऊन ऊन कुणी पाहिलंच नव्हतं.

मंगळवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं ते निघाले. मी कासमच्या सदऱ्यात, छातीशी होतो. दहा वाजता संग्रहालयाचं दार उघडलं. प्रत्येक टप्प्याला जहाँआरा मला बाहेर काढी, खूण करी आणि परत त्याच्या सदऱ्यात ठेवी. एक, दोन, तीन, चार. अकराव्या पायरीवर कासमनं दम खाल्ला. सज्ज्यात दोन्ही बाजूंना संगमरवरी मूर्ती होत्या, सोनेरी चौकटी होत्या. कासम बहिणीचा दंड धरून डोळे मिटून चालत होता.

एक शाळामास्तर हसून म्हणाले, "बाबा, डोळे झाकून म्युझियम बघताय?"

"त्यांचं बघणं थोडंच उरलंय," जहाँआरा म्हणाली. "एका ठिकाणासाठी राखून ठेवलंय."

साडेदहाला दहा मिनिटं कमी असताना ते सातव्या दालनात पोचले. कासमनं डोळे उघडले.

पाचही खिडक्यांवर काळे जाड पडदे होते. चित्राच्या काचेवर एक मिणमिणता पिवळा दिवा.

कासम काचेला नाक लावून उभा राहिला. "छोटी, रंग दिसतायत गं. पोपट दिसतोय. पण कागद कुठाय?" मग तो पहारेकऱ्याकडे वळला. "भाऊ, जरा पडदा सारता का? घडीभर?"

"पडदा सारत नाहीत, बाबा. ऊन लागलं तर चित्राचे रंग उडतात."

"आवो, उन्हातच वाळलाय तो कागद!"

"नियम आहे."

कासम परत काचेकडे वळला. मग त्यानं मला सदऱ्यातून काढलं, घडी उलगडली आणि माझा वरचा भाग त्या दिव्यासमोर धरला. निदान माझी रेघ दिसली, तर तिच्याशी काठ ताडून पाहता येईल, असं त्याला वाटलं असेल. तेवढ्यात मागून आरोळी आली, "ए! काय काढलं तिथनं?"

पुढचं सगळं फार भराभर झालं. पहारेकऱ्यानं मला हिसकावलं. माझा एक कोपरा तेव्हा फाटला. दोघांना खालच्या कचेरीत नेलं. नाव विचारलं. "कासम" हे नाव ऐकल्यावर दाराशी उभा असलेला आणखी एक पहारेकरी दोन पावलं जवळ आला.

कचेरीतल्या अधिकारी बाईंनी माझ्यावरचा नकाशा पाहिला. मोठ्यानं वाचला. "खिडक्या पाच. पहारेकरी एक. एकला जेवायला जातो. जिना बावीस पायऱ्या." त्यांनी मान वर केली. "हे कशासाठी काढलंत?"

"चित्र बघायसाठी," जहाँआरा म्हणाली. "त्यांचे गुडघे दुखत्यात म्हणून."

कुणी हसलं नाही.

त्या कचेरीला खिडकी होती, मित्रांनो, आणि तिला पडदा नव्हता. बाईंनी मला खिडकीशी धरलं. सकाळचं तिरकं ऊन माझ्या अंगातून आरपार गेलं. त्या दचकल्या.

"ही जोडरेघ! त्या पोपटाच्या चित्राच्या कागदात अगदी अशीच आहे. तपासणीत मी स्वतः पाहिली आहे. मागच्या वर्षी हलवाहलवीत आमचे काही कोरे जुने कागद गहाळ झालेत. हा त्यातलाच. कुठून आणलात?"

"हाय?" कासम उठून उभा राहिला. "मॅडम, खरंच हाय? तिसऱ्या दोऱ्यालाच ना?"

"मी काय विचारते? हा तुमचा असल्याचा कागद आहे का तुमच्याकडे? पावती, वारसपत्र, काहीतरी?"

"कागदच तर हाय, मॅडम. तुमच्या हातात हाय तो."

"मी कागदपत्राबद्दल विचारतेय."

"आमच्या बापजाद्यांनी कागद केले. त्यांच्यावर लिहिलं दुसऱ्यांनी. आमच्या नावचं कुणी काय लिहिलंच न्हाई."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पोलीस बोलावले नाहीत. दुपारपर्यंत बसवून घेतलं, पत्ता लिहून घेतला, सही घेतली. जाताना कासम एवढंच म्हणाला, "मॅडम, ती तसबीर एकदाच ह्या खिडकीशी आणा. मी हात लावत न्हाई. लांबनं बघतो."

ते नियमात नव्हतं. मला ठेवून घेतलं आणि त्याला एक चिठ्ठी दिली, 'जुना कागद एक, मालकी अनिश्चित.' कासमनं सवयीनं त्या चिठ्ठीवर टिचकी मारली आणि कान लावला. चांगला कागद टिचकीला वाजतो. ती चिठ्ठी वाजली नाही.

दारातून बाहेर पडताना त्याचे शब्द मी ऐकले. ते त्याचे मी ऐकलेले शेवटचे शब्द. "चोर म्हणाले, छोटी. म्हंजी आपली रेघ ओळखली तर खरं."

मला खाकी पाकिटात घालून एका खणात टाकलं. तिथं ना ऊन, ना वारा, ना माणसाचा हात. पेटीत निदान हिरवं फडकं होतं, आणि वर्षाकाठी कासम उघडून बघत असे.

जहाँआरा अर्ज घेऊन आली. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. पहिल्यांदा म्हणाली, "दिवाळीपास्नं त्यांना कायच दिसत न्हाई. पण हातात तरी द्या. टिचकी मारून बघतील." चौकशी चालू आहे, असं उत्तर मिळालं. दुसऱ्यांदाही तेच.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा २००१ साल उजाडलं होतं. त्या बाईंची बदली झाली होती. नव्या कारकुनानं फाईल चाळली. "आजी, आमचे गहाळ कागद तर केव्हाच सापडलेत. दुसऱ्या कपाटात होते. तुमच्यावर आता काही संशय नाही. मालकाला घेऊन या, सही करा आणि न्या."

"मालक गेले," जहाँआरा म्हणाली. "गेल्या महिन्यात."

"मग वारसाचा दाखला लागेल."

"म्हंजी कागद न्यायला कागद आणायचा?" ती हसली. ते हसू ऐकवत नव्हतं.

ओळख पटवण्यासाठी म्हणून त्यानं मला तिच्या हातात दिलं. तिनं मला खिडकीशी नेलं, वरचा अर्धा उन्हात धरला, आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली. पेन्सिलीचं टोक सातव्या चौकोनावर आलं. तिथंच थांबलं.

"काय झालं, आजी?"

"बघणारा न्हाई," ती म्हणाली, आणि पेन्सिल खाली ठेवली.

दाखला आणते म्हणून गेली ती परत आली नाही. तिचं काय झालं, ते मला सांगायला कुणी नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी मोठं संग्रहालय बघायला निघालात तर वाट जरूर आखा. सगळं बघायचा हट्ट धरू नका, एखादंच मनात धरून जा. दम कुठं खायचा ते ठरवा. पण आत ऊन येतं का, तेही विचारून घ्या. चित्राखालची पाटी वाचाल, तेव्हा तिथं कागद करणाऱ्याचं नाव शोधू नका; ते नसतं. आणि घरात कुणी म्हातारं माणूस एखाद्या गोष्टीला 'ही आमची' म्हणालं, तर त्याला दाखला मागू नका. त्याची खूण बघून ठेवा, त्याचे डोळे आहेत तोवर.

बावीस पायऱ्या चढून, सज्जा ओलांडून सातव्या दालनात गेलात तर पोपट घेतलेली ती बाई अजून तिथं आहे. पडदे ओढलेले आहेत. तिच्याभोवतीचा कोरा काठ माझा थोरला भाऊ आहे. आणि त्याच इमारतीत, खाली एका खणात, मी आहे. आमच्यामध्ये एक जिना आहे. माझा सातवा चौकोन अजून कोराच आहे.