मागची रांग

"आता, आता येईल," सटवाजी अंधारात बायकोच्या कानाशी कुजबुजला.

पडद्यावर विधवा पार्वता वाळत घातलेल्या हळदीशेजारी काठी घेऊन बसली होती. तिने मान वर केली आणि गाण्यातच विचारलं, डोळा लागतोय लेकरांनो, कोण जागं हाय?

हॉलमधली सगळी माणसं सवयीने गायला लागली, "नीज माये नीज..." पण 'आमी हाव जागे' तोंडातून निघायच्या आत पडद्यावर पहाट झाली होती आणि पार्वताचा मुलगा मोटारसायकलवरून घरी येत होता. माणसं ओशाळून थांबली. मग कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले.

सटवाजी हसला नाही. त्याचा डावा हात मांडीजवळ मागेपुढे होत होता.

शिरड शहापूरच्या जत्रेत 'हळदीचा पहारा' हे संगीत नाटक दरवर्षी व्हायचं आणि पेटीवर सटवाजी असायचा. एरवी तो कपडे शिवायचा. पार्वताने हा प्रश्न विचारला की नाटक थांबायचं. पुढच्या रांगा लगेच उत्तर गायच्या. मागे ट्रॉल्यांवर, लिंबाखाली बसलेल्यांना वेळ लागायचा. मागच्या रांगेचं उत्तर येईपर्यंत पेटीवाल्याने सूर सोडायचा नाही, असं त्याला त्याच्या वस्तादाने शिकवलं होतं. एका साली मागच्या बाया रडत होत्या, त्यांचा आवाज फुटेना. भाता मारून मारून सटवाजीचा खांदा भरून आला, पण सूर त्याने धरून ठेवला. उत्तर आलं, तेव्हाच पार्वताने डोळे मिटले.

पुण्याच्या एका मंडळीने त्या नाटकाचा सिनेमा केला. यंदा जत्रेत नाटक करायचं की पडदा लावायचा, हे आज ठरणार होतं. जत्रा कमिटीच्या माऊलीने जवळा बाजारचं मंगल कार्यालय घेऊन भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. पिक्चर पाहा, मत सांगा, जास्त लोक म्हणतील तसं करू, एवढं त्याने आधीच सांगितलं होतं. नाटक एक साल बंद पडलं की पुन्हा उभं राहत नाही, हे सटवाजीला ठाऊक होतं. पेटी वाजवायला त्याला दुसरी जागा नव्हती.

दिवे लागले. माऊली माईक घेऊन रांगांमधून फिरू लागला.

"गाणी कमी केली ते बेस झालं," बियाण्याचा दुकानदार म्हणाला. "नाटकात पार्वता एक पोतं झाकायची तर तीन कडवी म्हणायची."

"पोरगं वापस आलं, जिवाला बरं वाटलं," मिराबाई म्हणाली. "नाटकात ते येतच न्हाई, दरसाल रडत घरी जावं लागायचं. अन् यातली पार्वता बाईमाणूस हाय. आपल्या पार्वताला तिसऱ्या अंकापर्यंत दाढी येऊन राहायची."

हशा पिकला. पार्वताचं काम करणारा तांड्यावरचा नेमसिंगही हसला. माईक त्याच्याकडे गेला तसा सटवाजी खुर्चीत पुढे सरकला. हा तरी बोलेल.

"चांगला हाय," नेमसिंग म्हणाला. "माझे गुडघे गेले, माऊली. दरसाल मिशी काढतो, तर नातवंडं जवळ येत न्हाईत. आता त्या बाईलाच बसू द्या पहाऱ्याला."

सटवाजीकडे त्याने पाहिलं नाही.

सटवाजी उभा राहिला. "पिक्चरला मी नाव ठेवत न्हाई. पण ती इचारते, तिथं थांबाय पाहिजे."

"काका, थांबवला तर लोक म्हणतील लाइट गेली," माऊली म्हणाला.

"मंग आमाला इचारलं काहून?"

मागून एकजण गमतीने म्हणाला, "तुमी पेटी घेऊन पडद्याखाली बसा, काका."

"बसतो," सटवाजी लगेच म्हणाला. "खाली बसतो, कोपऱ्यात बसतो. तेवढं एकदा थांबवा. मी सूर धरतो. लोकायला बराबर कळंल."

आता कुणी हसलं नाही. माऊलीने माईक या हातातून त्या हातात घेतला. "पडदा पायजे त्यायनं हात वर करा," तो हळू आवाजात म्हणाला.

बहुतेक सगळे हात वर झाले. सटवाजीने शेजारी पाहिलं. सखुबाईचाही हात वर होता.

"तू बी?"

"मागल्या साली तिसऱ्या अंकानंतर तुमाला कसं घरी आणलं, ते मलाच ठाऊक," ती म्हणाली. "छातीचा भाता झालता."

लोक बाहेर पडले. बाजारात हळदीचे भाव, मुक्कामी गाडी, वडापाव अशी बोलणी सुरू झाली. कार्यालयातली माणसं खुर्च्या मिटू लागली. ती या दोघांच्या रांगेपाशी आली, क्षणभर थांबली आणि त्यांना वळसा घालून पुढे गेली.

सटवाजीचा डावा हात पुन्हा मागेपुढे होत होता. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर दाबलेली होती.

सखुबाईने खांद्याची पिशवी खाली ठेवली. "आता सोडा," ती म्हणाली.

"मागची रांग राहिली."

तिने वळून पाहिलं. मागच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावून झाल्या होत्या.