न मागणारा

खोगीरवाल्याला चामडेवाल्यांच्या आळीचा मुखिया व्हायचं होतं आणि ते सांगायची सोय नव्हती. (खोगिरं त्याचा आजा शिवायचा, हा बिचारा पिशव्या शिवे.)

आळीत येणारं कातडं मुखियाच्या हातून वाटलं जाई. गेल्या मुखियाने चांगलं कातडं भाच्या-पुतण्यांना दिलं, खोगीरवाल्याच्या वाट्याला भोकं पडलेलं. आता तो मुखिया वारला होता. पण आळीचा नियम जुना: पैगंबरांनी सांगितलंय, अधिकार मागेल त्याला तो द्यायचा नाही. त्यामुळे महिनाभर न मागण्याचीच चढाओढ लागली होती. "माझं नाव घेऊ नका हं!" हे खोगीरवाल्याने नळावरच्या बायकांनाही बजावलं होतं.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे त्याच्याकडेच बघू लागले. "छे छे, मी नको," तो म्हणाला, आणि मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मशिदीत शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादांनी चष्मा पुसला. "वचन अर्धंच पाठ आहे तुमचं. मागेल त्याला नाही, आणि ज्याला हाव आहे त्यालाही नाही. तू मागितलं नाहीस, ते ऐकलं. हाव आहे का?"

खोगीरवाला गोंधळला. न्याय व्हावा ही हाव झाली? मग उकळ्या कसल्या फुटल्या? नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर हातचं गेलं, आणि पुन्हा भाच्या-पुतण्यांचंच फावलं तर?

"आहे," तो बोलून गेला.

"वा, खरं बोलला! हाच मुखिया!" मागून कुणी ओरडलं. त्याला पुन्हा आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

"मग कुणाला द्यावं?" उस्तादांनी विचारलं.

नाव जिभेवरच होतं, हीच पंचाईत. मेहुणा. चार वर्षांचा अबोला. आत्ताही तो दाराशी बसून कुणाची तरी तुटलेली चप्पल शिवत होता.

"त्याला," खोगीरवाला म्हणाला. मेहुण्याची सुई बोटात गेली. तो नको नको म्हणत राहिला, पण ऐकतो कोण!

घरी बायकोने विचारलं, "माझ्या भावाचं नाव तुम्ही घेतलंत? का?"

"तो चांगला आहे म्हणून, की मी चांगला दिसावा म्हणून, मलाच कळत नाही."

आठवड्याने मेहुणा दारात उभा राहिला. चार वर्षांनी पहिल्यांदा.

"दाजी, कातडं आलंय. यंदाही भोकं तुमच्याच वाट्याला. आणि माझ्या. माझं नाव घेणाऱ्याला चांगलं दिलं तर माझ्यात आणि आधीच्यात फरक काय?"

हा न्याय की अन्याय? खोगीरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस मात्र बरोबर निवडला होता.

"आत ये," तो म्हणाला. "पहिल्यांदा आपली भोकं मोजू."